फिरंगी पाहुणी

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीचा निकाल लागला होता आणि पेढ्यांचे रिकामे खोके अजून टेबलावरच पडले होते. आमची कन्या अकरावीच्या प्रवेशाचा कागद घेऊन आली. पण तो माझ्या हाती न देता तिने चहाच्या बशीखाली सरकवला आणि ओढणीच्या टोकाशी चाळा करीत उभी राहिली. मुले अशी उभी राहिली म्हणजे काहीतरी शिजले आहे, हे आयांना सांगावे लागत नाही.

“आई, रागावणार नसशील तर सांगते. दुसरी भाषा म्हणून मी फ्रेंच घेतली.”

“आणि मराठी?”

“मराठीत मार्क कुठे मिळतात गं? फ्रेंचमध्ये शंभरापैकी नव्वद सहज पडतात. आमच्यातल्या सगळ्याच जणी फ्रेंच घेतायत.”

आता मी पडले मराठीची प्राध्यापिका. एम. ए. झाल्यापासून उपनगरातल्या एका कॉलेजात शिकवते आहे. सकाळच्या गाडीत एका हाताने डोक्यावरची कडी आणि दुसऱ्या हाताने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सांभाळीत बोरिवली ते अंधेरी असे माझे वीसेक वर्षांचे आयुष्य गेले. आणि माझ्याच घरात हे व्हावे? हलवायाच्या मुलीने मला गोड आवडत नाही म्हणावे, तशातली गत!

सासूबाईंनी जपमाळ क्षणभर थांबवली आणि विचारले, “ही फिरंगी पाहुणी किती दिवसांची?” आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र थोडे आणखी वर धरले.

खरे सांगायचे तर राग मुलीचा नव्हता. मी नोकरीस लागले तेव्हा मराठीच्या तासाला मागच्या बाकांवर तिघेतिघे दाटीने बसत. आता पहिल्या चार रांगा भरल्या की आज वर्ग भरला, असे आम्ही एकमेकींना सांगतो. भिंतीपलीकडे फ्रेंचचा तास असतो. तिथला हशा माझ्या वर्गात ऐकू येतो. त्या भिंतीपलीकडे आता माझीच मुलगी बसणार होती, हे मला लागले होते.

पण पाहुणी घरात आली ती बोलकी निघाली. तिच्याशी चार वर्षे बोलता बोलता मला माझ्याच भाषेविषयी जे उमगले, ते आज वाचकांपुढे मांडते आहे.

सात आणि ‘सॅत’

पहिला आठवडा आकड्यांचा. फ्रेंचमध्ये ऐंशीला स्वतंत्र शब्द नाही. ते ‘कात्र-व्हँ’ म्हणजे ‘चार विसा’ म्हणतात. नव्याण्णव म्हणजे चार विसा, दहा आणि नऊ! कन्येने कपाळाला हात लावला. सासूबाईंना मात्र काहीच नवल वाटले नाही. “त्यात काय? आमच्या गावाकडे जुन्या बायका विसांनीच मोजायच्या. चार विसा म्हणजे ऐंशी.” पाहुणीचे आणि सासूबाईंचे सूत जमले ते त्या दिवशी.

“आई, आपल्याकडे एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणनव्वद आणि मग एकदम नव्याण्णव का?” कन्येने मला धरले. संस्कृतात ‘एकोनशत’ही होते आणि ‘नवनवति’ही होते. इतर ठिकाणी आपण ‘एक उणे’ ही रीत उचलली आणि इथे ‘नवनवति’ उचलले. भाषा काही हिशेबनीस नसते, एवढेच मी तिला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सातावर अडले. सातासाठी फ्रेंच शब्द म्हणायचा ‘सॅत’, पण लिहिताना त्यात एक ‘प’ घालायचा. “म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?” हा तिचा प्रश्न.

मी वही ओढली. लॅटिनमध्ये सात म्हणजे ‘सेप्तेम’. संस्कृतात ‘सप्त’. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे, एका आजोबांची दोन नातवंडे म्हणावीत तसे. पुढे इकडे प्राकृतात ‘सप्त’चे ‘सत्त’ झाले आणि मराठीत ‘सात’. तिकडे लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडीही तोच ‘प’ गळाला. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द ‘प’वाचूनच लिहीत. मागाहून पंडितांना वाटले, आपल्या भाषेचे लॅटिन कुळ लिहिण्यात दिसले पाहिजे. त्यांनी ‘प’ला लेखणीने परत आणले, जिभेने काही त्याला घरात घेतले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी यादीच केली. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. अष्ट, अट्ठ, आठ. दुग्ध, दुद्ध, दूध. जोडाक्षरातली दोन वेगळी व्यंजने आधी एकसारखी होतात. मग त्यांतले एक गळते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. शेकडो शब्द याच वाटेने मराठीत आले. हे मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले, पण “अगं, हा तर नियम आहे!” असे आनंदाने ओरडलेली पहिली विद्यार्थिनी मला माझ्याच स्वयंपाकघरात भेटली. फ्रेंचचा धडाका तर आपल्याहून मोठा. लॅटिन ‘आक्वा’ म्हणजे पाणी. त्याचे फ्रेंचमध्ये नुसते ‘ओ’ उरले. मूळ शब्दातले एकही व्यंजन शिल्लक नाही!

त्या रविवारी मी तिला कान्हेरीच्या लेण्यांत घेऊन गेले. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान म्हणजे सकाळचे फिरणे आणि मुलांची सहल. पण तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि शंभरावर कोरीव लेखही आहेत. त्यांतले जुने लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी लेणे खोदून दिले, पाण्याची टाकी बांधून दिली, असे त्यांत नोंदवलेले आहे. आणि त्या जागेचे नाव? कृष्णगिरी, त्याचे कण्हगिरी, आणि त्याचेच कान्हेरी. मराठीच्या जन्माची वाट आमच्या घरापासून रिक्षाच्या टप्प्यात आहे, हे मला मुलीला दाखवायचे होते. तिने एका टाकीच्या काठावर बसून डबा उघडला आणि म्हणाली, “म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनासुद्धा संस्कृत अवघडच जात होतं तर!”

उमदा अश्व आणि बाजारचे तट्टू

हे वाक्य थट्टेचे होते, पण त्यात तथ्य होते. भाषा पंडितांच्या ओसरीवर वाढत नाही, बाजारात वाढते. घोड्याचेच पाहा. ऋग्वेदात घोड्याला ‘अश्व’ म्हणतात आणि लॅटिनमध्ये ‘एक्वुस’. हे शब्दही एकाच मुळाचे. पण रोमन शिपाई आणि गाडीवान ओझ्याच्या तट्टाला ‘कबाल्लुस’ म्हणत. फ्रेंचमध्ये घोड्याला आलेला ‘शव्हाल’ हा शब्द या तट्टावरून आला आहे, उमद्या ‘एक्वुस’वरून नाही. आपल्याकडे तरी काय झाले? ऋग्वेदात ज्याचा पत्ता नाही तो ‘घोटक’ मागून आला आणि त्यावरून आपला ‘घोडा’ झाला. हजारो मैलांवरच्या दोन घरांत एकच प्रकार घडला. अश्व आता आपल्याला पुराणात आणि यंत्रांच्या अश्वशक्तीत भेटतो. रोजच्या व्यवहारात घोडाच धावतो.

फ्रेंचमध्ये डोक्याला ‘तॅत’ म्हणतात. तो आला लॅटिन ‘तेस्ता’वरून, आणि ‘तेस्ता’ म्हणजे मातीचे भांडे! रोमन लोक थट्टेने डोक्याला मडके म्हणू लागले असावेत, आणि पुढे थट्टा विसरून शब्द राहिला. आपणही ‘डोकं आहे की खोकं?’ म्हणतो. फ्रेंचांच्या बाबतीत खोकेच डोके होऊन बसले.

हे वाचल्यापासून उत्तरपत्रिका तपासताना माझी लाल पेन्सिल जरा अडखळू लागली आहे. मुले निबंधात आपले नवे बोली शब्द लिहितात. मी ते खोडते. शिक्षिकेला खोडावेच लागतात. पण त्यांतला कुठला शब्द पाचशे वर्षांनी मराठीचा मानाचा शब्द होणार आहे, हे मला कुठे ठाऊक आहे?

शपथ आणि म्हाताऱ्या

बोलीला मान केव्हा मिळतो? ती टाळता येत नाही तेव्हा. इ. स. ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर गावी धर्मगुरूंची परिषद भरली. प्रवचने लॅटिनमध्ये होत आणि लोकांना ती कळत नसत. तेव्हा परिषदेने ठरवले की प्रवचन लोकांच्या ‘खेडवळ रोमन’ बोलीत किंवा जर्मन बोलीत करावे. त्यानंतर २९ वर्षांनी, १४ फेब्रुवारी ८४२ या दिवशी, सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी थोरल्या भावाविरुद्ध एकजुटीची शपथ घेतली. त्यांतला लुई जर्मन मुलखाचा आणि शार्ल पश्चिमेचा. प्रत्येकाने शपथ घेतली ती दुसऱ्याच्या सैनिकांच्या बोलीत, कारण शपथ त्या सैनिकांना कळायला हवी होती. लुईने त्या दिवशी उच्चारलेली वाक्ये लिहून ठेवली गेली, आणि तीच आज फ्रेंचचा पहिला लेखी दाखला मानतात.

आपल्याकडे अलिबागजवळच्या अक्षी गावचा मराठी शिलालेख शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. पण मला तूरच्या परिषदेची आठवण करून देणारी गोष्ट आहे महानुभावांची. चक्रधरस्वामींनी आपला विचार मराठीत सांगितला आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या आठवणी मराठी गद्यात जमवल्या. स्वामींच्या मागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांना विद्वान शिष्य संस्कृतात प्रश्न विचारू लागले, तेव्हा त्यांनी ते थांबवले. असे केले तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, अशी त्यांची तक्रार होती. ‘ज्ञानेश्वरी’ही त्याच काळातली, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० ची. तिकडे सैनिकांसाठी, इकडे म्हाताऱ्यांसाठी. जे संस्कृत वा लॅटिन शिकू शकत नव्हते त्यांच्यासाठी या दोन भाषा लिहिल्या गेल्या. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. आम्हाला कळलं नाही तर तुमच्या शहाणपणाचं करायचं काय?”

फर्मान, टोप्या आणि अनुस्वार

मग राजेलोक आले. फ्रान्सच्या पहिल्या फ्रांस्वा राजाने १५३९ मध्ये वीये-कोत्रे येथे फर्मान काढले की न्यायालयाचे कागद लॅटिनमध्ये न लिहिता फ्रेंचमध्ये लिहावेत. आपल्याकडे १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकरवी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. १६३५ मध्ये रिशेलिअने फ्रेंच अकादमी स्थापन केली. तिचे ४० सभासद, आणि लोक त्यांना ‘अमर’ म्हणतात. त्यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १६९४ मध्ये निघाली आणि नववी २०२४ मध्ये पुरी झाली. अमरांना घाई कसली?

पण फर्मानाने भाषा घरोघर जात नाही. १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, ग्रेग्वार नावाच्या पाद्र्याने अहवाल दिला की देशात नीट फ्रेंच बोलणारे जेमतेम ३० लाख आहेत आणि किमान ६० लाखांना ती येतच नाही. बाकीचा देश आपापल्या बोलीत मग्न होता. पुढे शाळांतून मुलांना ब्रेतॉनसारख्या घरच्या भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागल्या. फ्रेंच मोठी झाली खरी, पण शेजारच्या कित्येक बोली त्यात वाळून गेल्या. माझ्या वर्गात मालवणी बोलणारी मुलगी ‘णा’ला ‘ना’ म्हणून गेली की मागून हसू येते. ते मी आता खपवून घेत नाही.

शुद्धलेखनाची भांडणे तर दोन्ही घरी सारखीच. फ्रेंचमध्ये ‘तॅत’ शब्दातल्या स्वरावर एक टोपी असते. ती कशाची, तर ‘तेस्ता’मधला ‘स’ मेल्याची खूण. १९९० मध्ये काही शब्दांवरची टोपी काढली तरी चालेल असे ठरले. आणि २०१६ मध्ये ते शाळेच्या पुस्तकांत यायचे म्हटल्यावर देशभर कल्लोळ झाला. कन्येला हे वेडगळ वाटले. मी तिला सासूबाईंच्या पाककृतींची वही दाखवली. तीत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘करितां’ असे अनुस्वारांचे दाणे पेरलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये नवे नियम केले तेव्हा उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. सासूबाईंनी मात्र ते सोडलेले नाहीत. “अनुस्वार नसला की अक्षर बोडकं दिसतं,” असे त्या म्हणतात. पॅरिसमधले टोपीवाले दुसरे काय म्हणत होते?

साष्टीचे फिरंगी

अंधेरी ते बोरिवली आणि तिकडे घाटकोपर ते मुलुंड हा सारा मुलूख जुन्या साष्टी बेटाचा. सहासष्ट गावांची म्हणून सासष्टी आणि त्याची साष्टी, असे सांगतात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसईबरोबर हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी तो सोडवला. दोनशे वर्षे काही थोडी नव्हेत. बोरिवलीला मंडपेश्वराच्या लेण्यावर चर्चचे पडके अवशेष अजून उभे आहेत. आणि त्याहून टिकाऊ अवशेष आपल्या स्वयंपाकघरात आहेत: बटाटा, पाव, कोबी, काजू, अननस, हापूस. दाराला बिजागरी, कुलुपाला चावी, नोकरीला पगार, मोरीत पिंप, गवंड्याचे घमेले, चोराला तुरुंग. हे सारे पोर्तुगीजांकडून आलेले. दरवाजा, पडदा, कागद, जमीन ही मंडळी त्याआधीच फारसीतून येऊन बसली होती.

“मग आपलं असं राहिलं काय?” कन्येने विचारले.

मी म्हटले, “‘बटाट्याच्या फोडी पिंपावर ठेवल्या,’ हे वाक्य घे. बटाटा आणि पिंप परके. पण ‘बटाट्याच्या’ मधला ‘च्या’ कुणाचा? ‘पिंपावर’ म्हणताना पिंपाचा काना कुणी लावला? ‘ठेवल्या’ कुणी म्हटलं?” परका शब्द घरात आला की मराठी त्याला आपले प्रत्यय चढवते, नव्या सुनेला घरच्या बांगड्या भराव्यात तसे. त्यानंतर त्याचे माहेर कोण विचारतो?

फ्रेंचनेही हेच केले. फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्या गॉल देशात शिरल्या आणि राज्यकर्त्या झाल्या. त्यांनी लढाई, बाग, निळा रंग यांचे शब्द फ्रेंचला दिले आणि देशाला आपले नावही दिले. स्वतःची भाषा मात्र ते कालांतराने विसरले. या फ्रँक नावावरून अरब आणि इराणी लोक सगळ्याच युरोपियनांना ‘फरंगी’ म्हणू लागले, आणि तोच शब्द आपल्याकडे ‘फिरंगी’ होऊन आला. म्हणजे सासूबाईंनी पहिल्या दिवशी जो शब्द योजला होता तो अगदी नेमका होता. हे कळल्यावर त्यांनी सगळ्या मजल्यावर सांगितले.

आणि फिरंग्यांनी मराठीकडून काहीच घेतले नाही असेही नाही. गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून निघाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यामागोमाग १६२९ मध्ये एत्येन द ला क्रुआ नावाच्या पाद्र्याने सेंट पीटरच्या चरित्रावर मोठे मराठी ओवीबद्ध पुराण छापले. हा एत्येन फ्रेंच होता. फ्रेंच माणूस मराठी शिकून तीत हजारो ओव्या रचतो, आणि आपल्या मुली मार्कांसाठी फ्रेंच शिकतात. काळाची मौज, दुसरे काय!

गॉल लोकांचे काय झाले?

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. मग एके रात्री, बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या आधी, कन्या धडा पाठ करीत माझ्या शेजारी बसली होती. मी सहज विचारले, “रोमन यायच्या आधी त्या देशातले लोक काय बोलत?”

“गॉलिश. इ. स. पूर्व ५८ ते ५० मध्ये सीझरने त्यांना जिंकलं. पण आई, त्यांची भाषा काही सीझरने मारली नाही. ती पुढे काही शतकं चालली. मोठ्या घरांतल्या लोकांना वाटलं, लॅटिन आली की नोकरी मिळते, मान मिळतो. त्यांनी मुलांना रोमन शाळांत घातलं. टॅसिटसने लिहून ठेवलंय की ओतँ गावात गॉल सरदारांची मुलं रोमन विद्या शिकत होती. मग घरातसुद्धा मुलांशी लॅटिनच बोलायला लागले. आता फ्रेंचमध्ये गॉलिशचे शे-दीडशे शब्द उरलेत. नांगर, ओक, चंडोल पक्षी असले.”

तिने पान उलटले. मी मात्र त्याच पानावर राहिले.

तिला पहिलीपासून इंग्रजी शाळेत कुणी घातले? आम्हीच. “मराठी काय, घरात येईलच,” असे सांगणारी मीच होते; मराठीची प्राध्यापिका. लहानपणी तिच्याशी बोलताना ‘कप घे, स्पून घे, हॅंड वॉश कर’ असे म्हणणारीही मीच. तिने अकरावीला मराठी सोडली म्हणून मी रागावले होते. पण ती सुटायला सुरुवात माझ्या ओंजळीतून झाली होती.

मराठी उद्या मरणार आहे, असे मला म्हणायचे नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या चांगल्या गोष्टी आहेत. पण लॅटिन बदलत बदलत फ्रेंच झाली आणि जगली. गॉलिश न बदलताही गेली, कारण आईबापांनी ती मुलांशी बोलायचे सोडले. बटाटा, पगार, अनुस्वार यांची मला आता धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्याची.

ब्लॉकसाहेबांचे पुस्तक

त्या रात्री मी कपाटातून एम. ए.च्या वेळचे एक पुस्तक काढले. ‘मराठी भाषेचा विकास’, अनुवादक वासुदेव गोपाळ परांजपे, साल १९४१. मराठीचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाला या पुस्तकाच्या दारातून जावे लागते. मी त्याच्या टाचणांवर परीक्षा दिली, त्याच टाचणांवर वीस वर्षे शिकवले. मुलीला ते दाखवले आणि मूळ लेखकाचे नाव वाचायला सांगितले.

“ज्यूल ब्लॉक! आई, हा तर फ्रेंच माणूस!”

होय. मराठी कशी घडली याचा शास्त्रशुद्ध, पायरीपायरीने केलेला पहिला मोठा अभ्यास पॅरिसच्या या पंडिताने केला, आणि तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला तो फ्रेंच भाषेत. पुढे ते कॉलेज द फ्रान्समध्ये संस्कृतचे प्राध्यापक झाले. १९५३ मध्ये वारले. हस्त-हत्थ-हात ही जी वाट मी मुलीला मोठ्या तोऱ्याने दाखवली होती, तीवर पद्धतशीर दगड रोवून ठेवणारा माणूस भिंतीपलीकडच्या वर्गातला होता. मी त्याला आयुष्यभर अनुवादातून ओळखत आले. मूळ वाचायची माझी ऐपत नव्हती.

कन्येने संगणकावर कुठल्याशा ग्रंथालयाने ठेवलेली मूळ पुस्तकाची छायाचित्रे शोधून काढली. आता बहुतेक शनिवारी रात्री आम्ही दोघी ते घेऊन बसतो. ती फ्रेंच वाक्य वाचते आणि अर्थ सांगते. मधूनच रोमन अक्षरांत, डोक्यावर रेघा दिलेला मराठी शब्द येतो. तो तिला वाचता येतो, पण कळत नाही. तो मी सांगते. मी नसले तर तिला पुस्तक अर्धे कळते, आणि ती नसली तर मला अर्धे. मार्कांसाठी घेतलेली फ्रेंच तिने आता बी. ए.ला आवडीने घेतली आहे. आणि माझ्या मराठीच्या तासाला ती कधी बसली नसली, तरी शनिवारी बसते.

परवाचीच गोष्ट. दिवाळीच्या फराळाची तयारी चालली होती. चकलीच्या उकडीसाठी पातेल्यात पाणी ठेवले होते. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, “आधण आलं का गं बघ.”

कन्या माझ्याकडे पाहत राहिली. “आधण? कोण येणार आहे?”

मी हसले नाही. गेल्या वीस वर्षांत मी तिच्यासमोर ‘पाणी बॉइल झालं का’ एवढेच म्हटले होते. सासूबाई उठून आत आल्या, तिचा हात धरून तिला शेगडीपाशी नेले आणि पातेल्यात खदखदणारे पाणी दाखवले. “हे आधण. आता पीठ टाक.”

तिने पीठ टाकले, झाकण ठेवले, हात पुसले आणि थेट कपाटाकडे गेली. मोल्सवर्थसाहेबांचा कोश एका मांडीवर, संगणक दुसऱ्या मांडीवर घेऊन ती अजून शोधते आहे, की आधण आले कुठून.